मृतांचा दिवस यंदा गुरुवारी

मृतांची सुट्टी यंदा बुधवारऐवजी गुरुवारी, हे नेप्तालीला पावाच्या दुकानात कळलं. रांगेत त्याच्या पुढे लास्तेनिया उभी होती आणि ती दुकानदारणीवर अशी खेकसत होती, की जणू तारीख त्या बिचारीनेच हलवली.

"दोन नोव्हेंबर म्हणजे दोन नोव्हेंबर. आजवर कधी कुणी हलवली होती का?"

"अगं बाई, सुट्टी हलवलीय, दिवस नाही हलवला," दुकानदारीण पाव पिशवीत भरता भरता म्हणाली. "बुधवारची सुट्टी गुरुवारी, गुरुवारची शुक्रवारी. म्हणजे शनिवार-रविवार जोडून मिळतात. लोक समुद्रावर जातात."

"माझा नवरा नाही समुद्रावर. तो वर टेकडीवर पुरलाय. तो बुधवारी येणार, आणि मी बुधवारी कुठे? दवाखान्यात फरशी पुसत! आता मेलेल्यांनी काय रेडिओ ऐकून यायचं?"

रांगेतले सगळे हसले. नेप्ताली हसला नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. बुधवारी सगळे कामावर. शाळा चालू, बाजार चालू, गुलाबांचे मळे चालू. म्हणजे बुधवारी टेकडीवर चिटपाखरू नसणार. जी काही झुंबड उडायची ती गुरुवारी उडेल.

अख्ख्या किश्वारपांबा गावात सरकारच्या त्या निर्णयाने खूश झालेला माणूस तो एकटाच असावा. खुशीच्या भरात तो पाव काउंटरवरच विसरून निघाला. लास्तेनियाने मागून हाक मारली, "ताइता, लक्ष कुठंय? का तुमचीही सुट्टी हलवली?"

नेप्ताली गावच्या दफनभूमीचा राखणदार होता. कुदळ, फावडं, शिडी, पाण्याच्या बादल्या आणि फाटकाची किल्ली एवढा त्याचा संसार. घरचा संसार झोइला बघायची. नगरपालिकेतले त्याला नुसतं नेप्ताली म्हणत, गावातले ताइता, म्हणजे बाबा, म्हणत, आणि तो दोघांनाही "हो" म्हणे. "नाही" हा शब्द त्याच्या तोंडातून सहज येत नसे. कुणी म्हणालं, माझ्या सासऱ्याचा क्रूस वाकलाय, की हा निघाला. कुणी म्हणालं, भिंतीतल्या थडग्यांच्या वरच्या कप्प्यापर्यंत हात पोचत नाही, की हा शिडी घेऊन हजर. आणि या सगळ्या "हो"चा कळस व्हायचा तो दोन नोव्हेंबरला.

त्या दिवशी गेलेली माणसं भुकेली होऊन येतात. मग त्यांची जिवंत माणसं फुलं, पाव, उकडलेले बटाटे आणि जांभळ्या कोलादाची, म्हणजे मक्याच्या दाट गोड पेयाची, भांडी घेऊन थडग्यांपाशी चटया पसरतात. पण आपल्या भांड्यातलं आपण प्यायचं नाही. आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि वाटी शेजारच्या थडग्यावर बसलेल्याला द्यायची. त्याने त्याच्या माणसाचं नाव घेऊन आपल्याला द्यायची. परक्या हातात गेलं तेवढंच खाली पोचतं. घरी ज्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं, ते लोकही त्या दिवशी एकमेकांच्या वाट्या तोंडाला लावतात. कारण थडगी शेजारी शेजारी असतात आणि ती काही हलवता येत नाहीत.

नेप्ताली त्या दिवशी फक्त पळायचा. पाणी संपलं, शिडी आणा, कुत्रं शिरलं, कुणीतरी जास्त पिऊन दुसऱ्याच्याच आईच्या थडग्यावर रडतोय, त्याला उठवा. जाता जाता कुणी वाटी पुढे करी, तो उभ्या उभ्या घोट घेई आणि पुढे धावे. त्याचे आईबाप तिथेच होते, झोइलाचे आईबाप तिथेच होते. झोइला एकटीच चटई टाकून बसायची, एकटीच वाट्या द्यायची-घ्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "हा माझा नवरा. सगळ्या गावाच्या आज्या याला पाठ आहेत. माझी आई कुठल्या रांगेत आहे, विचारा बरं!"

झोइलाचा आवाज मोठा होता. बसथांब्यावर भाजलेला मका आणि शेंगा विकायची. बस वळणावर यायच्या आधी तिची हाक बसमध्ये पोचायची. शेवटच्या आजारात मात्र तो आवाज इतका बारीक झाला, की नेप्तालीला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. एकदा तसाच कान नेला तेव्हा ती म्हणाली, "आता मीही तुझ्याच कामावर येतेय. आता तरी बसशील ना?"

"बसेन."

"दोन तारखेला. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं घेऊन आलास तर मी उठायची नाही."

तो हसला होता. तीही हसली असावी.

त्यानंतरच्या पहिल्या वर्षी पाण्याच्या टाकीची तोटी निघून आली आणि अर्धी दफनभूमी चिखलात गेली. दुसऱ्या वर्षी दोन भाऊ आईच्या थडग्यावर कुणी कुठे बसायचं यावरून भांडले आणि एकाने दुसऱ्याच्या डोक्यात फुलदाणी घातली. पोलिस, गर्दी, रडारड. दोन्ही वर्षी नेप्ताली झोइलापाशी पोचला तोवर माणसं पांगलेली होती. वाटी द्यायला कुणी नाही, घ्यायला कुणी नाही. भांडं उघडलंच नाही. तसंच घरी आणलं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

म्हणून ही सुट्टी हलली, याचा त्याला आनंद झाला. एरवी सुट्ट्या हलवायचं हे खूळ त्याला कधी कळलंच नव्हतं. अर्थात पिचिंचाच्या लढाईची सुट्टी हलवा, त्याचं काही म्हणणं नव्हतं. लढाई व्हायची ती होऊन गेली, आता तिची सुट्टी सोमवारी काय नि शुक्रवारी काय. सेनापती काही जेवायला यायचे नाहीत. पण जे जेवायला येतात त्यांचं काय, हा विचार तिकडे राजधानीत बसून कुणी केला असेल असं त्याला वाटत नव्हतं. यंदा मात्र तो म्हणाला, असू दे. सगळ्यांना गुरुवार द्या, मला माझा बुधवार पुरे. दुपारी जाऊन बसेन. दोनचार म्हाताऱ्या तर येतीलच. त्यांच्याशी वाट्या बदलता येतील.

मुलीचा, योलांदाचा, कीटोहून फोन आला. ती तिथे एका मोठ्या दुकानात कपड्यांच्या विभागात होती.

"पपा, मी गुरुवारी सकाळच्या बसने येते. कोलादा इकडूनच घेऊन येते, तुम्ही काही करत बसू नका."

"बुधवारी ये."

"बुधवारी कशी येऊ? सुट्टी गुरुवारी आहे."

"आई बुधवारी येणार."

"पपा, आई काय पळून जाणारे?"

नेप्ताली म्हणाला, "बरं, गुरुवारी ये," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मनात उत्तरं जुळवत बसला. चांगली चांगली उत्तरं सुचली. अशी उत्तरं त्याला नेहमी नंतरच सुचत.

विकतचा कोलादा झोइलाला चालला नसता. मंगळवारी संध्याकाळी त्याने स्वतःच चूल पेटवली. जांभळ्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं होतं. डोंगरातली काळी बारीक फळं, अननसाच्या साली, दालचिनी, लवंग, गवती चहा, संत्र्याची पानं, गुळाचा खडा. सगळं होतं, पण कशानंतर काय घालायचं ते आठवेना. इतकी वर्षं तो त्या वासात वावरला होता आणि एकदाही भांड्यात डोकावला नव्हता. लास्तेनिया कुंपणावरून बघत होती. ती झोइलाच्या मामेबहिणीची जाऊ, म्हणजे नात्यातलीच. हक्काने टोमणे मारायची.

"ताइता, ढवळा, ढवळा! सिमेंट कालवताय का?"

"ढवळतोयच की."

"खालून ढवळा. वरवर पळी फिरवून काय होतंय? आयुष्यभर तेच केलंत."

त्याने खालून ढवळलं, पण तोवर तळाशी लागलं होतं. जळका वास गुळाच्या वासात मिसळून गेला. टाकून द्यायला मन होईना. शिवाय पीठ संपलं होतं.

त्याच वेळी नगरपालिकेतून इंजिनियर बायरन साहेबांचा फोन आला. हे साहेब बागा, शौचालयं आणि दफनभूमी अशा तिन्ही खात्यांचे प्रमुख होते.

"नेप्ताली, गुरुवारी महापौर येतायत. बँड आहे, पाहुणे आहेत, कोलादाची स्पर्धा आहे. उद्या दुपारी मांडव घालायला माणसं पाठवतोय. फाटक उघडं ठेव आणि मदतीला थांब."

"साहेब, उद्या दुपारी..."

"उद्या कामाचा दिवस आहे ना?"

"हो साहेब," नेप्ताली म्हणाला.

बुधवारी पहाटे, डोंगरावरचं धुकं उतरायच्या आत, तो पाठीला लोकरी पोंचोत गुंडाळलेलं भांडं बांधून वर चढला. भांडं कोमट होतं आणि पाठीला बरं वाटत होतं. मांडव दुपारी घालणार, तर आपण सकाळीच बसून घेऊ, असं त्याने रस्त्यात ठरवलं होतं. फाटक दिसलं आणि तो थबकलाच. फाटकाबाहेर माणसंच माणसं. चटया, टोपल्या, फुलांचे भारे.

"आज कामाचा दिवस आहे ना?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

"म्हणून तर कामाआधी आलो, ताइता. उघडा लवकर, माझी बस आहे."

बाजारात कांदे विकणारी एक बाई त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "म्हटलं आज कुणी नसेल. निवांत बसू." तिच्या मागच्याने तेच सांगितलं. त्याच्या मागच्यानेही. जो तो नेप्तालीला बाजूला घेऊन आपली युक्ती विश्वासाने सांगत होता आणि नेप्ताली मान डोलवत होता. सगळ्या गावाने एकच युक्ती केली होती.

आणि घाई! दर वर्षी लोक दिवसभर पसरून बसत, तेच लोक आज घड्याळाकडे बघत मेलेल्यांना जेवू घालत होते. "ताइता, पाणी!" "ताइता, आधी मला शिडी, मला आठला हजर व्हायचंय!" "ताइता, माझ्या आजीचा क्रूस सापडत नाही, तुम्ही म्हणाला होता वाकलेल्या झाडापाशी, इथे झाडच नाही!" झाड पलीकडच्या रांगेत होतं, पण दुरुस्त करायला वेळ कुणाला? एक जथा उतरला की दुसरा चढायचा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तर कहर झाला. बँकेचा पहारेकरी, बसचे वाहक, दवाखान्याच्या बायका, सगळे आपापल्या गणवेशात धापा टाकत वर आले. लास्तेनिया हातात डबा घेऊन जवळजवळ पळत आली, नवऱ्याच्या थडग्याशी टेकली, शेजारणीच्या हातात वाटी दिली, तिची वाटी उभ्याने संपवली आणि निघाली.

"असं असतं का, ताइता?" जाता जाता ती म्हणाली. "जिवंत होता तेव्हाही तो धड जेवायला बसायचा नाही. पण निदान मी तरी बसायचे." तिचे डोळे भरले होते, पण ते पुसायलाही ती थांबली नाही.

नेप्तालीचं भांडं अजून फाटकाजवळच्या खोलीत होतं. सकाळपासून त्याने दोनदा ते उचललं आणि दोन्ही वेळा कुणीतरी हाक मारली.

मग इंजिनियर साहेबांचा ट्रक आला.

मांडवाचे खांब, ताडपत्र्या, मंचाच्या फळ्या, महापौरांची मोठी खुर्ची, पोत्यात गुंडाळलेले कर्णे. साहेब स्वतः आले होते, पांढरा सदरा, बूट धुळीने माखू नयेत म्हणून जपून पाय टाकत.

"ही माणसं कोण?" त्यांनी विचारलं.

"आज दोन तारीख आहे, साहेब."

"हो, पण सुट्टी उद्या आहे. आज या सगळ्यांनी गवत तुडवलं तर उद्या फोटोत काय दिसेल? बायांनो! उद्या या. उद्या सुट्टी आहे, बँड आहे, सगळ्यांना खुर्च्या आहेत."

कांदेवाली बसल्या जागेवरून म्हणाली, "खुर्च्या कशाला? माझी आई जमिनीखाली आहे. खुर्चीवर बसून तिच्याशी काय ओरडून बोलू?"

"बाई, मी नियम सांगतोय."

"नियम मला काय सांगता? तिला सांगा. ती आज आलीय. उद्या ती गेलेली असेल. तुमच्या महापौरांना भेटायला थांबायची नाही ती."

बायका फिदीफिदी हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी नेप्तालीकडे असं पाहिलं, की जणू हे सगळं त्यानेच शिकवून ठेवलंय. "सहा वाजता फाटक बंद. एक मिनिट जास्त नाही. आणि तू खांब धर."

मंच शेवटच्या रांगेपाशी घालायचा होता, कारण तिथून मागे डोंगर दिसतो. शेवटच्या रांगेत झोइला होती.

नेप्तालीने खांब धरला. खड्डे खणले, दगड ठोकले, ताडपत्री ओढली. वारा सुटला होता, ताडपत्री शिडासारखी फुगत होती. एक दोरी बांधायला काही मिळेना. मांडववाल्या माणसाने इकडे तिकडे पाहिलं आणि ती झोइलाच्या क्रूसाला गुंडाळून करकचून गाठ मारली.

"अहो," नेप्ताली म्हणाला. आवाज त्याचा त्यालाही नीट ऐकू आला नाही. मग तो साहेबांकडे गेला. "साहेब, ती दोरी... तो क्रूस..."

"उद्यापुरती आहे."

"ती माझी बायको आहे, साहेब."

साहेबांनी कागदावरून डोकं वर केलं. क्षणभर ते ओशाळल्यासारखे वाटले. "असं होय. बरं, बरं. उद्या संध्याकाळी पहिल्यांदा तीच सोडू. आठवण कर मला."

"हो साहेब."

त्या "हो"चा त्याला इतका राग आला, की उरलेले दगड त्याने एकट्यानेच ठोकले. मांडववाले म्हणाले, म्हाताऱ्यात दम आहे.

सहाला फाटकाची किल्ली फिरवली तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता. ट्रक गेला, बायका गेल्या, शेवटचा कुत्रा गेला. टेकडीवर फुलांचे ढीग, मेणबत्त्यांची थुटकं आणि वाऱ्याने फडफडणारा तो मांडव. नेप्तालीने खोलीतून भांडं आणलं, दोन वाट्या आणल्या, मेणबत्ती लावली आणि झोइलापाशी बसला.

बसला एकदाचा. दोन तारीख होती, तो बसला होता. आणि शेजारी कुणी नव्हतं.

उजवीकडे शिंप्याचं थडगं, त्याची माणसं सकाळी येऊन गेली. डावीकडे मंच. भांड्याचं झाकण काढलं तर कोलादावर जाड साय धरली होती. एक वाटी भरून त्याने मांडीवर ठेवली आणि नुसता बघत राहिला. ही वाटी कुणाला देणार? स्वतःच स्वतःला? तिसरं वर्ष. सरकारने दिवस हलवून पाहिला, तरी तेच.

"झोइला," तो म्हणाला, "मी काय करू सांग. सरकार म्हणतं उद्या. पोरगी म्हणते उद्या. साहेब म्हणतो उद्या. आणि आज ज्यांना वेळ नव्हता तेच सगळे आज आले. माझ्याच वाट्याला हे का यावं?" बोलता बोलता आवाज चढला. "आणि तू तरी! काय अडलं होतं तुला तारखेचा हट्ट धरायला?"

डोक्यावर ताडपत्री फाडकन वाजली, जसं कुणी कानाखाली द्यावी. दोरी क्रूसाला ओढत होती आणि क्रूस दर झुळकीला कुरकुरत होता.

तेवढ्यात फाटक वाजलं.

तो उठला नाही. पुन्हा वाजलं. कुणीतरी मुठीने ठोकत होतं.

"बंद झालंय!" तो बसल्या जागेवरून ओरडला. त्याच्या आयुष्यात तो असा कुणावर ओरडला नव्हता. "उद्या या! उद्या सुट्टी आहे!"

शब्द तोंडातून गेले आणि त्याला वाटलं, हे आपण नाही, साहेब बोलले.

फाटकापलीकडून एका बाईचा आवाज आला, "उद्याही आम्हाला कामच आहे, ताइता. सरकारी सुट्टी मळ्यात कोण देतं? गुलाब काय थांबतात?"

नेप्ताली वाटीकडे बघत राहिला. उठलो तर पुन्हा तेच. फाटक, शिडी, पाणी, दुसऱ्याची आई. नाही उठलो तर कुणी विचारणार नाही, साहेबांचाच हुकूम आहे. झोइलाला दिलेला शब्दही तोच सांगतो, बैस म्हणून. तो बसून राहिला. बाई ठोकत राहिली. मग ठोकणं थांबलं आणि ते थांबलेलं त्याला जास्त ऐकू येऊ लागलं.

"छे!" तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. वाटी मात्र या खेपेला खाली ठेवली नाही. भरलेली वाटी सांभाळत, शिव्या पुटपुटत तो फाटकापर्यंत गेला.

बाई परतायला वळली होती. मळ्यातले रबरी बूट पायात तसेच, हातांवर काट्यांचे ओरखडे, बगलेत एक पिशवी. नाव एल्विया. शेजारच्या खेड्यातली. तिची आई मागच्या पावसाळ्यात गेली होती, हा पहिलाच दोन नोव्हेंबर.

"वेळ संपलीय," नेप्ताली किल्ली फिरवत म्हणाला.

"माहीतय. पण कामावरून सुटले ती इथवर चालत आले, ताइता. बस भरून गेली, थांबलीच नाही. समुद्रावर निघालेत सगळे."

तिला आईची जागा अंधारात सापडेना. नेप्तालीला माहीत होती. त्यानेच खणली होती. तो पुढे, ती मागे. मातीचा उंचवटा अजून बसला नव्हता. एल्वियाने गुडघे टेकले, फुलं म्हणून मळ्यातल्या मोडक्या देठांचे चार गुलाब ठेवले आणि पिशवीतून या दिवसाचा खास, बाळाच्या आकाराचा पाव काढला. साखरेचे डोळे, साखरेचा पट्टा. तो हातात धरून ती इकडे तिकडे बघू लागली आणि तिचा चेहरा पडला. नेप्तालीने तो चेहरा ओळखला. थोड्या वेळापूर्वी तो त्याचाच होता.

"कुणीच नाही का हो?" ती म्हणाली. "आता हा कुणाला देऊ?"

"मी आहे की," नेप्ताली म्हणाला.

तिने पाव दोन्ही हातांनी पुढे केला. "माझी आई, मारिया ट्रान्सितो. तिच्या नावाने घ्या."

त्याने पाव घेतला आणि वाटी पुढे केली. "माझी बायको, झोइला. तिच्या नावाने."

एल्वियाने वाटी तोंडाला लावली, दिवसभराची उपाशी असावी, अर्धी एका दमात संपवली. मग थांबली, जिभेने ओठ चाटले आणि संकोचून म्हणाली, "ताइता, राग नका मानू. थोडा लागलाय."

"खालून ढवळला नाही."

"तुमच्या बाई काय म्हणाल्या असत्या?"

"पहिल्यांदा अख्ख्या बसथांब्याला सांगितलं असतं."

ती हसली आणि उरलेली वाटी संपवली. मग तिला तिच्या आईपाशी ठेवून तो परत शेवटच्या रांगेत आला.

मेणबत्ती विझली होती. ती पुन्हा लावली. पाव गरम नव्हता, ताजाही नव्हता, पण परक्या हातातून आला होता. त्याने बाळाचा एक हात मोडून झोइलाच्या मातीवर ठेवला, दुसरा आपल्या तोंडात घातला. ताडपत्री वाजली, क्रूस कुरकुरला. नेप्ताली चावता चावता थांबला. मग उठून त्याने दोरीची गाठ चाचपली. मांडववाल्याने बांधली होती चांगली, पण इतक्या वर्षांत शवपेट्या खाली सोडून सोडून नेप्तालीला गाठींशी झगडायची सवय होती. गाठ सुटली. दोरी सळसळत गेली आणि मंचावरची ताडपत्री एका बाजूने खाली लोंबली, महापौरांच्या खुर्चीवर बरोबर.

तो पुन्हा बसला. क्रूस आता गप्प होता.

खिशात फोन वाजला. इंजिनियर साहेब. मागे पार्टीचा गोंगाट ऐकू येत होता.

"नेप्ताली, वारा फार सुटलाय. मांडव नीट बांधलेला आहे ना? जरा एक फेरी मारून बघ."

"हो साहेब," नेप्ताली म्हणाला.

"आणि उद्या सहाला हजर."

"हो साहेब."

फोन त्याने खिशात ठेवला. उद्या काय बोलणी खायची ती खाऊ. वरच्या बाजूला एल्विया आईशी काहीतरी हळू आवाजात बोलत होती. तिचं झालं की फाटक उघडून द्यायला उठावंच लागणार होतं. तोवर मात्र तो जागचा हलला नाही. त्याने बाळाचा एक पाय मोडला, आणि सकाळपासून कुणाकुणाची बस चुकली, कोण कुणाशी भांडलं, लास्तेनिया काय म्हणाली, हे सगळं झोइलाला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.